वहीवाल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. वॉर्डात सगळे तुम्हाला ‘वहीवाली ताई’ म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. सोलापूरच्या कुठल्याशा कॉलेजात तुम्ही फर्स्ट इयरला होतात आणि एनएसएसच्या मुलामुलींबरोबर सिव्हिल हॉस्पिटलला यायचात, एवढंच आठवतं. ऑक्टोबर १९९३. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर होतं. पलंग कमी पडले होते, म्हणून माझी गादी व्हरांड्यात खाली होती, पाण्याच्या पिंपाशेजारी. पिंपावर साखळीला बांधलेला स्टीलचा पेला होता. कदाचित त्यावरून तुम्हाला आठवेल.

मी आता पुण्यात बांधकामावर सुपरवायझर आहे. ३० सप्टेंबर आला की साइटवर कुणी ना कुणी किल्लारीच्या भूकंपाचा विषय काढतोच, त्या पहाटे तुम्ही कुठं होता? आमच्या वयाच्या प्रत्येकाकडं उत्तर तयार असतं. एक जण सांगतो, पुण्यात फळीवरची भांडी वाजली आणि आई म्हणाली, मांजर असेल. दुसऱ्याचं घर सोलापुरात, त्यांची सगळी चाळ रस्त्यावर आली होती. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत नाचून आलेली माणसं नुकती आडवी झाली होती, त्यामुळं पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं ही वेळ महाराष्ट्रात पुष्कळांच्या लक्षात राहिली. माझी पाळी आली की मी म्हणतो, सास्तूरला होतो, माळवदाखाली. मग कुणी पुढं विचारत नाही. मलाही पुढचं सांगता येत नाही, कारण पुढची गोष्ट तुमची आहे आणि तुमचं नावच मला सांगता येत नाही. म्हणून हे पत्र.

तेव्हाच्या उमरगा तालुक्यातलं आमचं गाव. किल्लारीपासून जवळच. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीकडं जमिनीतून आवाज यायचे, हादरे बसायचे. लोक कितीतरी रात्री बाहेर झोपले. मग थंडी पडली, पुढं पाऊस आला, आणि माणसं घरात परतली. सवय झाली. आमचं घर काळ्या दगडाचं, मातीत बांधलेलं, भिंत हातभर रुंद नव्हे, चांगली दोन हात रुंद. वर सागाच्या तुळया, फळ्या आणि माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. पावसाळ्याच्या तोंडावर गळू नये म्हणून अण्णा दर वर्षी माळवदावर पांढरी माती टाकायचे. आजोबांनीही टाकली होती. दर वर्षी थोडी थोडी. आज कामामुळं कळतं की त्या मातीचं ओझं किती झालं असेल. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना एकमेकांत गुंतवणारा लांब दगड कुठं नव्हता. हादरा बसला की अशी भिंत फुगते, दोन्ही अंगांना सुटते, आणि वरचं सगळं खाली येतं. ज्यांची कुडाची झोपडी होती, वर पत्रा किंवा पाचट होतं, त्यांच्यातले कितीतरी वाचले. वाड्यांमध्ये घरंच्या घरं गेली. त्या वेळच्या नकाशात आमचा भाग देशातल्या सगळ्यात कमी धोक्याच्या भूकंपपट्ट्यात होता. २००२ साली तो तिसऱ्या पट्ट्यात आला. हे मला खूप उशिरा कळलं, आणि कळलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. अण्णांनी काही चूक केली नव्हती. सगळं गाव तसंच बांधत आलं होतं.

माझ्यावरची तुळई ज्वारीच्या पोत्यांवर अडकली. पोती आणि भिंत यांच्यामध्ये मी राहिलो. तोंडात पांढरी माती. दिवस चांगला वर आल्यावर कुणी तरी पहारीनं फळी उचलली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उमरग्याला आणि तिथून ट्रकनं सोलापूरला. ज्यांनी काढलं ते स्वतःची माणसं शोधायला परत गेले. मला कुणी, कुठं नेलं, हे गावात कुणाला ठाऊक राहिलं नाही. इतकी गावं एका वेळी बसली होती, ५२ गावं. सुमारे दहा हजार माणसं गेली म्हणतात. मग पाऊस सुरू झाला.

ताई, हॉस्पिटलात माणसं खूप यायची. बिस्किटं द्यायची, कपडे द्यायची. सगळ्यांच्या मनात माया होती, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण गादीपाशी वाकून प्रत्येक जण एकच विचारायचा, ‘तुझ्या घरचे किती गेले रे?’ मी गप्प बसायचो. मला माहीतच नव्हतं. वॉर्डातल्या मोठ्या माणसांनी सांगितलं होतं की आई, अण्णा आणि धाकटी लातूरच्या दवाखान्यात आहेत.

तुम्ही आलात ती शनिवारची सकाळ होती. दोनशेपानी वही, गळणारं निळं पेन, बोटांना शाई. तुम्ही खाली बसलात, फरशीवर, आणि विचारलंत, ‘तुझं कोण कोण आहे आणि कुठं कुठं आहे?’

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी बोलायलाच लागलो. आत्या अमुक गावची, पण ते गावही बसलं असं ऐकलंय. मामा गुलबर्ग्याला. कुठं? डाळमिलमध्ये. कुठल्या? ते ठाऊक नाही. मिलसमोर मारुतीचं देऊळ आहे आणि मामा तुरीची पोती मोजतो. गुलबर्ग्यात तुरीच्या डाळमिल कमी आहेत का? तरी तुम्ही हसला नाहीत. मारुतीचं देऊळसुद्धा लिहून घेतलंत. तुमच्या वहीत रेघ मारून दोन रकाने केले होते, डावीकडं ‘इथं कोण आहे’ आणि उजवीकडं ‘कोण कोणाला शोधतंय’. फाटकापाशी नातेवाइकांची गर्दी असायची, लोक नावं ओरडत असायचे. तुम्ही त्यांची नावं उजवीकडं उतरवायचात आणि वॉर्डावॉर्डांतून डावीकडची. रात्री घरी बसून जुळवत असणार. आमच्या व्हरांड्यातली एक आजी अशीच जुळली, तिचा मुलगा धावत आला तेव्हा तुम्ही तोंड फिरवून भिंतीकडं बघत उभ्या होतात. मी पाहिलं होतं.

पुढचं मला मामाकडून कळलं. मामा १ तारखेलाच सास्तूरला जाऊन आला होता. आमच्या घराच्या जागी ढिगारा होता आणि गावानं सांगितलं, या घरातलं कुणी राहिलं नाही. तो परत गेला, घरी सुतक धरलं. आजीनं अन्न सोडलं होतं. तुम्ही मार्केट यार्डातल्या एका अडत्याकडं जाऊन त्याच्या जुन्या बिलांवरून गुलबर्ग्याच्या पाच डाळमिलची नावं उतरवलीत. पाच पोस्टकार्डं लिहिलीत. पत्ता इंग्रजीत, मजकूर मराठीत, खाली दोन ओळी हिंदीत. दोन ऑक्टोबर, गांधी जयंती, पोस्ट बंद. म्हणून तुम्ही स्टेशनवर जाऊन ती आरएमएसमध्ये, रेल्वेच्या टपाल कचेरीत, टाकलीत. गाडीनं जातील, लवकर पोचतील. तिथं उभं राहून हे कुणी सुचवलं की तुमचं तुम्हालाच सुचलं?

त्या पाचांतलं एकही मामाच्या मिलला गेलं नाही. पण हिंदीत तुम्ही लिहिलं होतं, हा माणूस आपल्याकडं नसेल तर कृपा करून कार्ड शेजारच्या मिलला द्यावं. आणि लोकांनी दिलं. मुनीमांनी दिलं, हमालांनी दिलं. एका मिलमधून दुसऱ्या, दुसरीतून तिसऱ्या. गुरुवारी दुपारी एक कानडी हमाल सायकलवरून मामाच्या मिलला आला आणि विचारायला लागला, सास्तूरवाला कोण? मामा मला सांगताना इथं दर वेळी थांबायचा.

शुक्रवारी सकाळी तो व्हरांड्याच्या टोकाशी दिसला.

पण त्याच्याही आधी, मंगळवारी असेल, तुम्ही माझ्यापाशी येऊन बसलात. वही मिटलेली होती. मी रोज विचारायचो, लातूरहून काही कळलं का. तुम्ही लातूरला गेलेल्या मुलांना तिघांची नावं दिली होती, त्यांनी तिथली सगळी यादी पाहिली होती. तुम्ही माझा हात धरलात आणि सांगितलंत, तिघंही नाहीत. गावातच गेली. दुसऱ्या कुठल्या शब्दांत गुंडाळलं नाहीत. मी ओरडलो, तुम्हाला ढकललं, तुमच्या ओढणीला शाई लागली ती तेव्हाच. सिस्टर तुम्हाला रागावल्या, लहान पोराला असं सांगतात का म्हणून. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, उठूनही गेला नाहीत. अंधार पडेपर्यंत बसून होतात.

त्यावरून वॉर्डात दोन मतं होती. आज माझं मत सांगतो, ताई. तुम्ही बरोबर केलंत. मामा आला तेव्हा त्याला मला खोटं सांगावं लागलं नाही, आणि मला त्याच्या तोंडाकडं बघून अंदाज करावा लागला नाही. आम्ही दोघं सरळ गळ्यात पडून रडू शकलो. माझ्याबरोबरच्या काही मुलांना महिनोन् महिने ‘येतील, येतील’ ऐकावं लागलं. त्यांच्यातली काही पुढं पुण्याला गेली, शांतिलाल मुथ्था यांनी शिक्षणासाठी ज्या सुमारे १२०० मुलांना आणलं त्यांच्यात. पुण्यात आल्यावर त्यांच्यातल्या दोघांशी पुन्हा गाठ पडली. आम्ही तुमच्याबद्दल बोलतो. त्यांच्यापैकी एकाच्या हातावर तुम्ही निळ्या पेनानं घड्याळ काढून दिलं होतं, तो अजून सांगतो.

मामाबरोबर निघालो त्या दिवशी तुम्ही आला नव्हता. सहामाही परीक्षा होती म्हणे. पंधरा वर्षांनी मी सोलापूरला दोन कॉलेजांत जाऊन चौकशी केली. त्या आठवड्यात शेकडो मुलं गेली होती, नावांची नोंद कुणी ठेवलेली नव्हती. दुसऱ्यांची नावं लिहिणारीचं नाव कुणी लिहिलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

नवं गाव वेगळ्या जागी वसलं. रस्ते रुंद, घरं लांब लांब. म्हातारी माणसं जाईपर्यंत म्हणत राहिली की हाक मारली तर शेजारी ऐकू जात नाही. मी दर दोन-तीन वर्षांनी जातो, जुन्या जागेवर बाभळीत उभा राहतो आणि परततो.

२०१९ मध्ये मामा गेला. त्याच्या पत्र्याच्या पेटीत शर्टांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत तुमचं कार्ड होतं. पिवळं आता तपकिरी झालंय. कडेला तीन मिलचे शिक्के आहेत, कुणी तरी कानडीत बाण काढून काही लिहिलंय. मधोमध तुमचं अक्षर:

‘सास्तूरचा तुमचा भाचा जिवंत आहे. सोलापूर सिव्हिल, व्हरांडा. उजवा पाय मोडला आहे, बाकी ठीक. जेवतो. वाट बघतो.’

खाली सही नाही. जागा संपली होती.

ताई, त्या कार्डाचं उत्तर राहून गेलं होतं. पाय जुळला. पावसाळ्यात थोडा दुखतो. बायको लातूरची आहे, दोन मुली आहेत. थोरली यंदा फर्स्ट इयरला गेली. बाकी ठीक. जेवतो. तुमची वाट बघतो.

तुमचा,
पिंपाशेजारचा