‘वाटेल ती किंमत’ १९८० सालची

संपादक महोदय,

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘ऐकणाऱ्याने वाटेल ती किंमत द्यावी’ या गाणी विकण्याच्या पद्धतीवर लेख होता. रेडिओहेड या ब्रिटिश बँडने ऑक्टोबर २००७ मध्ये तसा अल्बम काढला आणि तिथून हा प्रकार सुरू झाला, असं त्यात आहे. अल्बमबद्दलचं बरोबर आहे, सुरुवातीचं नाही. त्याच्या सत्तावीस वर्षं आधी, टपालाने ध्वनिमुद्रिका मागवायच्या काळात, अमेरिकेतल्या एका गायकाने हेच केलं होतं. त्याचं नाव कीथ ग्रीन आणि त्याच्या स्वतंत्र ख्रिस्ती लेबलचं नाव ‘प्रिटी गुड रेकॉर्ड्स’. आपल्याकडे ‘कसं चाललंय?’ला ‘बरं चाललंय’ म्हणतात, तसलंच हे नाव. कंपनीला असं नाव ठेवणारा माणूस मला तरी लगेच आवडला.

ग्रीन मूळचा ब्रुकलिनचा. बालगायक म्हणून अकराव्या वर्षीच डेक्का कंपनीने त्याच्याशी करार केला होता, पण नाव काही झालं नाही. पुढे तो ख्रिस्ती झाला आणि बिली रे हर्न यांनी १९७६ मध्ये काढलेल्या ‘स्पॅरो’ कंपनीकडे आला. तिथले १९७७ आणि १९७८ मधले त्याचे दोन्ही अल्बम चांगले चालले. पैसे येऊ लागल्यावर त्याला वेगळंच टोचायला लागलं. शुभवर्तमान गायचं आणि ते ऐकायला पैसे मोजायला लावायचे, हे कसं? त्याने हर्न यांच्याकडे करारातून मोकळं करण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मानली. (गायकाला असं सोडणारे कंपनीवाले विरळाच, म्हणून त्यांचंही नाव इथे घेतलं.)

मग ग्रीन आणि त्याची पत्नी मेलडी यांनी राहतं घर गहाण टाकलं आणि त्या पैशांतून पुढचा अल्बम काढला. तो १९८० मध्ये आला. त्यातल्या एका गाण्यात बॉब डिलन या जगभर गाजलेल्या गायकाने हार्मोनिका वाजवली आहे. म्हणजे माल हलका होता म्हणून फुकट वाटला, असंही कुणी म्हणू नये. कार्यक्रमात घ्या किंवा पत्र पाठवून मागवा, द्याल ती किंमत. काहीच नसेल तरी चालेल.

मे १९८२पर्यंत दोन लाखांहून अधिक प्रती गेल्या आणि त्यातल्या ६१ हजार पूर्ण फुकट. म्हणजे दहांतल्या साधारण तिघांनी काही दिलं नाही, सातांनी काही ना काही दिलं. मला हा आकडा गाण्यांहून जास्त विचारात पाडतो. कीर्तनात आरतीचं तबक फिरतं, कुणी नोट टाकतो, कुणी नुसता हात जोडतो. बुवा बुक्का दोघांनाही लावतात. आमच्या ख्रिस्ती उपासनेत अर्पणाची थैली फिरते, तीही कुणाच्या मुठीत काय आहे ते पाहत नाही. रेव्हरंड टिळकांचे अभंग गात वाढलेल्या माझ्यासारख्याला ग्रीनचा हिशेब म्हणूनच परका वाटला नाही.

फक्त चांगुलपणावर हे चाललं असंही नाही. टेक्सासमधल्या लिंडेलजवळ त्याची ‘लास्ट डेज मिनिस्ट्रीज’ ही संस्था होती, तिचं वार्तापत्र १९७८ पासून घरोघर जात होतं, म्हणजे ऐकणाऱ्यांचे पत्ते हाताशी होते. गाठीला काही नसलेल्या नवख्या गायकाने उद्या हेच करून पाहावं, असा सल्ला मी देणार नाही.

प्रयोग पुढे कुठवर गेला असता, ते कळायला वेळच मिळाला नाही. २८ जुलै १९८२ रोजी संस्थेच्या धावपट्टीवरून उडालेलं छोटं विमान लगेचच कोसळलं. त्यात प्रमाणाबाहेर माणसं बसली होती. बाराही जण गेले. त्यांत ग्रीन आणि त्याची दोन लहान मुलं होती. तो २८ वर्षांचा होता. मागे राहिलेली ध्वनिमुद्रणं त्याच्या मृत्यूनंतर बाजारात आली. त्याची जुनी कंपनी ‘स्पॅरो’ही १९९२ मध्ये ईएमआय या बड्या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीने घेतली.

लेखकाने पुढच्या वेळी एवढं साल दुरुस्त करावं. आणि जागा उरलीच तर हेही घालावं: ग्रीनची कॅसेट ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात विकली जायची तेव्हा तिच्यासोबत दुसरी एक फुकट मिळायची. घेणाऱ्यासाठी नाही, त्याने ती कुणाला तरी द्यावी म्हणून.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर