सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र: कोरड्या आभाळाचा मल्हार कोण बांधणार?

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी धाराशिवला शास्त्रीय गायन शिकवते. पावसाळ्यात मल्हार हा पावसाचा राग शिकवायला घेतला की मन खट्टू होतं. बंदिशींत, म्हणजे रागात बांधलेल्या गीतांत, ढग दाटतात, मोर नाचतात, पिया परदेशी असतो. समोरच्या मुलींच्या घरी मात्र दुबार पेरणीचा घोर. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तोच हा मुलूख. जुन्या बंदिशी अनमोल आहेत, आमचा गळा त्यांच्यावरच घडला. पण आभाळ हुलकावणी देतं तेव्हाचा मल्हार इथल्या माणसाने, इथल्या बोलीत बांधायला हवा. समाजाचं दुःख रागात आणणं हे आजच्या बंदिशकाराचंच काम आहे.

या मातीला संगीताचं काम नवं नाही, त्याला राजाश्रयही नवा नाही. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथ लिहिला तो देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने. राजा सिंघणाच्या पदरी ते हिशेबाचे अधिकारी होते, म्हणजे सरकारी माणूसच! शास्त्रीय गायक पं. सी. आर. व्यास १९२४ साली आमच्याच गावी जन्मले. ‘गुणीजान’ या नावाने त्यांनी बांधलेल्या बंदिशी आज ठिकठिकाणी गायल्या जातात.

बंदिश बांधणं म्हणजे चालीत शब्द कोंबणं नव्हे. मराठीतली जोडाक्षरं विलंबित, म्हणजे संथ लयीत अडखळतात. म्हणून शब्द बदलावा, तर मुखड्याची, म्हणजे सुरुवातीच्या ओळीची, चढण बदलते आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकते. पुन्हा पहिल्यापासून. एकेका अस्ताईवर, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागावर, महिने जातात. एवढं करून मैफलीत निवेदक राग सांगतो, ताल सांगतो, साथीदारांची नावं घेतो. बांधणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा राहूनच जातं. मानधनाचं तर विचारूच नका.

साहेब, वेरूळ-अजिंठा महोत्सवासाठी दरवर्षी मराठवाड्यातल्या तीन बंदिशकारांकडून रीतसर मानधन देऊन नव्या रचना बांधून घ्या. नामवंत गायकांसोबत इथल्या विद्यार्थ्यांनीही त्या गाव्यात. स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रण जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संगीत शिक्षकांना मोफत मिळावं. शासनाच्या प्रत्येक कार्यक्रमात बंदिशकाराचं नाव घेणं सक्तीचं करा. त्याला तर एक पैसाही लागत नाही.

निवड करताना बीड, हिंगोली, परभणीकडे आधी बघा. तिथले गुणी लोक अर्ज करायला मुंबईपर्यंत पोचत नाहीत, तुमच्या अधिकाऱ्यांनीच त्यांच्या दारी जावं. होळीच्या आत पहिल्या तिघांना पत्रं गेली, तर येत्या मृगापर्यंत बंदिशी तयार होतील आणि श्रावणात मी त्या वर्गात शिकवू शकेन.

आपली,
धाराशिवची एक संगीत शिक्षिका