आई-बाबा, आम्ही गावी नाही, बेळगावला येतोय

पठाणकोट, फेब्रुवारी २०२६

प्रिय आई आणि बाबा,

दादाच्या व्हॉट्सॲपवर पाठवतेय, त्याला सांगितलंय की प्रिंट काढ आणि अक्षरं मोठी ठेव, बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन अजून राहिलंय. फोनवर हे बोलणं होतच नाही ओ. व्हिडिओ कॉल लावला की ओवी फोन ओढते, दोघं जुळे एकमेकांच्या डोक्यावरून वाकून "आजोबा म्हैस दाखवा, म्हैस दाखवा" करतात, सई मागं उभी राहून सगळ्यांना गप्प करते, आणि तुम्ही परवा जे विचारलंत त्याला मी काय उत्तर दिलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही. म्हणून लिहिते.

ह्यांची पलटण उन्हाळ्यात फिल्डला जाणार हे पक्कं झालंय. कुठं ते लिहीत नाही आणि आई तू पण शेजारी कुणाला सांगत बसू नको. फिल्डला बायकापोरं नेता येत नाहीत, इथलं क्वार्टर सोडावं लागणार. त्यावर तुमचं म्हणणं की आता तरी पोरं घेऊन गडहिंग्लजला ये, वरची खोली रिकामीच आहे, चार लेकरं घेऊन परमुलखात एकटी काय करतीस. सासूबाई पण तिकडून हेच म्हणतात, फक्त त्यांची खोली सैनिक टाकळीत आहे एवढाच फरक.

तर आम्ही ठरवलंय ते असं. नवरा फिल्डला असला की बायकामुलांना ठरावीक ठिकाणी राहायला सरकारी क्वार्टर मिळतं, एसएफए म्हणतात त्याला. बेळगावसाठी अर्ज टाकलाय. मराठा सेंटर, म्हणजे मराठा पलटणींचं ट्रेनिंगचं ठिकाण, तिथंच आहे, ह्यांची कसम परेड, शपथेची, तिथंच झाली, ओळखीचे चार लोक आहेत. केंद्रीय विद्यालय आहे, मिलिटरी हॉस्पिटल आहे, आणि संकेश्वरवरून तुमच्यापर्यंत दीड-दोन तास. आत्ता झेलम एक्स्प्रेसने दोन रात्री पुण्यापर्यंत, तिथून परत एसटीचे सात तास, वाटेत ओवी दोनदा तरी उलटी करणार, त्यापेक्षा हे किती बरं बघा. ऑगस्टमध्ये तर रावीला पूर आला, माधोपूरच्या बंधाऱ्याचे दरवाजे तुटले, गाड्याच बंद होत्या, गणपतीला यायचं राहिलं ते तुम्हाला माहितीच आहे.

बाबा, तुम्ही म्हणाल बेळगावात राहायचं तर गावात राहायला काय झालं. सांगते. पण आधी ते "एकटी" बद्दल.

मागच्या वर्षी मे महिन्यात मी तुम्हाला फोनवर रोज "सगळं ठीक आहे" एवढंच सांगत होते, बातम्या बघून तुम्ही जेवत नव्हता म्हणून दादा म्हणाला होता जास्त काही बोलू नको. हे तेव्हा पुढं होते, सुट्टी कॅन्सल झालेली. सात तारखेला पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं आणि आठ तारखेच्या रात्री इथं सायरन वाजला, पूर्ण अंधार करायचा, फ्रीजचा दिवासुद्धा दिसायला नको. वरच्या मजल्यावरची साताऱ्याची वहिनी तिची दोन पोरं घेऊन खाली आली, समोरची सावंतवाडीची पण आली, तिचं बाळ तर दोन महिन्यांचं. आम्ही तिघी आणि सात पोरं आमच्या मधल्या खोलीत. खिडक्यांना ह्यांच्या काळ्या ब्लँकेटा ठोकल्या, गाद्या सगळ्या खाली टाकल्या. लांब आकाशात धडाम धडाम आवाज यायचे, काचा वाजायच्या. आणि आमचे जुळे कशावरून रडत होते सांगू? धरमशाळेला आयपीएलची मॅच चालू होती, इथून जवळच, ती अर्ध्यात बंद केली म्हणून. पांघरुणात मोबाईल लपवून बघत होते दोघं. मला एवढा राग आला आणि त्याच वेळी हसू पण आलं, सावंतवाडीची तर हसता हसता रडायलाच लागली, तिला धरून बसावं लागलं.

अंधारात दूध गरम करायचं नाही म्हणून संध्याकाळीच थर्मास भरून ठेवायचे, बाथरूमला जायचं तर एकाने दुसऱ्याचा हात धरून. एकीने पोरं झोपवायची, एकीने फोनकडे बघायचं, एकीने झोपायचं, अशी आम्ही पाळी लावली होती. दहा तारखेला संध्याकाळी सीजफायर म्हणाले, रात्री परत अंधार, आम्ही काही उठून घरी गेलो नाही. ते दिवस मी गावात काढले असते तर कसे काढले असते मला कळत नाही. तुम्ही माझ्यावर जीव टाकता, पण गावात प्रत्येक जण येऊन विचारतो, फोन आला का, काय म्हणाले, टीव्हीवर असं दाखवतात. इथं कुणी विचारत नाही. सगळ्यांचाच माणूस तिकडं असतो, त्यामुळे पोरं सांभाळायची आणि भाजी काय करायची एवढंच बोलणं होतं. मराठा पलटण म्हणजे अर्धी लाईन आपल्याच बाजूची, पठाणकोटमध्ये राहून मी संक्रांतीला वाण देते आणि शिवजयंतीला पोरांना फेटे बांधते. त्यामुळे परमुलूख म्हणू नका.

बेळगावच्या एसएफएत पण सगळ्या अशाच बायका, नवरे फिल्डला असलेल्या. मला तेच पाहिजे.

आता गावात का नको. आई, हे तू एकटीनं वाच, वहिनीसमोर मोठ्यानं नको. वहिनी तुझे गुडघे बघते, बाबांची औषधं बघते, तिची स्वतःची दोन पोरं, म्हशी, वर दादाचं दुकान. त्यात मी चार पोरं घेऊन तीन वर्षांसाठी येऊन बसणार, सकाळी सहा डबे, सहा आंघोळी, एका बंबावर. माहेरवाशीण म्हणून मला कुणी भांडं उचलू देणार नाही, पहिला महिना लाड होतील आणि दिवाळीपर्यंत मी आणि ती एकमेकींशी बोलायच्या बंद होऊ. मला ती वहिनी आवडते, म्हणूनच नको.

आणि दुसरं कारण सई. नऊ वर्षांची झाली. तुम्ही तिचं फार कौतुक करता की किती समजूतदार, जुळ्यांच्या बुटाच्या लेस बांधते, ओवीला कडेवर घेऊन फिरते, आईला किती मदत. होते मदत, खोटं कशाला बोलू, हे नसतात तेव्हा तिच्याशिवाय माझी सकाळ निघत नाही. पण गेल्या महिन्यात शाळेत त्यांना चित्र काढायला सांगितलं, सुट्टीच्या दिवशी मी काय करते, तर हिने काढलं ओट्यापाशी उभी असलेली बाई आणि खाली स्वतःचं नाव. बाईंनी मला बोलावून दाखवलं, कौतुकानंच. मला ते कौतुक काही वाटलं नाही. फौजेतल्या मोठ्या घरात थोरली मुलगी असली की ती कधी दुसरी बाई होऊन जाते कळतच नाही, बाप घरात नाही, आईचे दोन हात, आणि पोरं चार. गावात तर हे अजून वाढणार, कारण तिथं सगळे तिला शाबासकीच देतील. बेळगावात मी संध्याकाळी एक बाई ठेवणारे दोन तास, पैसे गेले तर जाऊ देत, आणि सईला खेळायला पाठवणारे. तिथं हॉकी शिकवतात म्हणे मुलींना, नसेल तर दुसरं काहीतरी, पण ओवीला कडेवर घेऊन नाही.

तिला एका शाळेत टिकायला पण मिळालं पाहिजे. केंद्रीय विद्यालयाचं तेवढं बरं आहे, बदली झाली की टीसीवर दुसऱ्या गावच्या केंद्रीय विद्यालयात घेतात, पुस्तकं तीच. पण मैत्रिणी टीसीवर येत नाहीत. दर खेपेला पहिले दोन महिने ती डबा एकटी खाते. जुळ्यांचं तसं नाही, दोघं असले की त्यांना तिसरा लागत नाही. मराठी मात्र सगळ्यांचं कच्चं राहिलंय. परवा वेद म्हणाला, "आई, मेरी चड्डी कुठाय, विहानने पेहनली." बाबा, तुम्ही हसाल, पण तुमची पत्रं त्याला वाचता येत नाहीत हे मला सलतं. बेळगावात निदान कानावर तरी पडेल.

पैशाचं विचारलं होतंत. शिक्षणाचा भत्ता सरकार पहिल्या दोन मुलांनाच देतं, पण दुसऱ्या बाळंतपणात जुळी झाली तर दोघांना धरतात, त्यामुळे आमच्या तिघांना मिळतो, २०२४ पासून एकेकाला महिन्याचे २८१२ रुपये ५० पैसे, वर्षाचे एकदम. ओवी त्या हिशोबात बसत नाही, तिचं आमचं आम्ही. चार मुलं म्हटल्यावर इथं पण बायका डोळे मोठे करतात, मुलगे झाले होते ना मग चौथं कशाला. आता मी उत्तर द्यायचं सोडून दिलंय. ओवीला त्या बायकांच्याच मांडीवर ठेवते आणि कॅन्टीनला जाऊन येते.

ह्यांना वर्षाला साठ दिवसांची मोठी सुट्टी आणि तीस दिवसांची छोटी असते, कागदावर. फिल्डवरून किती तुकडे होऊन मिळेल ते तिथं गेल्यावरच कळणार. म्हणून मी ह्यांच्या सुट्टीवर काही बेत करत नाही, झाली तर दिवाळी नाही तर नुसता रविवार. सासूबाईंच्या वेळी आंतर्देशीय पत्र यायला पंधरा दिवस लागायचे, त्या अजून सांगतात की मामंजी परत आले तेव्हा थोरला त्यांना बघून पळून गेला होता. आमच्याकडं नेटवर्क असेल तेव्हा व्हिडिओ कॉल असतो, तर ओवी फोनला बाबा म्हणते. ह्यातलं कुठलं बरं कुणास ठाऊक.

एक गोष्ट मात्र मनाला लागते ती सांगूनच टाकते. तुम्ही ह्यांचे आईवडील असता तर मिलिटरी हॉस्पिटलला दाखवता आलं असतं, सासूबाईंचं कार्ड आहेच. माझे आईबाप सरकारच्या कागदात कुठंच बसत नाहीत. म्हणजे बाबांचा डोळा आणि आईचा गुडघा बेळगावात करायचा तर खाजगी दवाखान्यातच. पण मी जवळ असेन. दादाला दुकान बंद करून पळावं लागणार नाही, आई माझ्याकडं पंधरा दिवस राहील, तळमजल्याचं क्वार्टर द्या म्हणून अर्जात लिहिलंय, कारण "लहान मुले" लिहिलंय पण मनात तुझा गुडघा होता. आई, तुला जिना चढायला लागला तर तू येणारच नाहीस मला माहिती आहे.

वहिनीला पण आण. तिला सांग सुट्टीत तिची पोरं माझ्याकडं सोड आणि चार दिवस तिच्या माहेरी जा, सहा काय आणि चार काय, मला आता फरक पडत नाही.

सामान मार्चअखेर हलेल, पेट्यांवर नंबर रंगवायचं काम जुळ्यांना दिलंय, अर्धा रंग अंगावर आहे. एप्रिलमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत पोचायचा बेत आहे. दादाला म्हणावं तुम्हा तिघांच्या आधारच्या झेरॉक्स आत्ताच पाठव, गेटवर पास लागतो, आणि आईच्या आधारवर जन्मसाल चुकलंय ते दुरुस्त करून घ्या, नाहीतर गेटवरचा जवान तिला परत पाठवायचा आणि ती तिथंच त्याच्याशी भांडत बसेल.

ओवी उठली. बाकीचं फोनवर.

तुमची,
शुभा