मूळ कागदपत्रं एजन्सीला देऊ नका, हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला प्लेसमेंट एजन्सींवरचा लेख वाचला. सोमवार उजाडला तरी राग गेला नाही, म्हणून हे पत्र. बायोडेटा कसा लिहावा, मुलाखतीला कपडे कोणते घालावे, फोनवर कसं बोलावं, सगळं लेखात आहे. एजन्सीच्या ऑफिसात पोराकडून काय काय मागतात आणि त्यातलं काय अजिबात द्यायचं नाही, याबद्दल मात्र एक ओळ नाही. आमच्या भागातल्या पोरांना नेमकं तेच कोणी सांगत नाही.

माझा पुतण्या यवतमाळहून आयटीआय झाला, इलेक्ट्रिशियन. बसस्थानकाजवळच्या एका एजन्सीने आधी त्याच्याकडून फाइल चार्ज घेतला. मग व्हेरिफिकेशनच्या नावाखाली दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आयटीआयचं प्रमाणपत्र ठेवून घेतलं. पावती दिली नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने चाकणला पाठवलं आणि तिथे इलेक्ट्रिशियनला लाइनवर नट कसायला उभं केलं. पगार 18 हजार सांगितला होता, तो आकडा सीटीसीचा, म्हणजे मालकाला पडणाऱ्या एकूण खर्चाचा निघाला. मालकाने आपल्या खिशातून भरायचा 12 टक्के पीएफ आणि 3.25 टक्के ईएसआय म्हणजे कामगार विमासुद्धा त्यातच धरलेला. वरून खोली, मेस, बस, बूट यांचे पैसे कापले. हातात किती येतात हे गावात सांगायची त्याला लाज वाटायची. तरी तो टिकला. कष्टाला मागे हटणारं पोरगं नाही ते.

खरा घात झाला तो कागदांपायी. वीज कंपनीच्या शिकाऊ उमेदवारांच्या यादीत त्याचं नाव लागलं. मूळ कागदपत्रं घेऊन पडताळणीला हजर राहा, असा निरोप आला. चाकणच्या सुपरवायझरने सांगितलं, कागदं यवतमाळच्या ऑफिसात आहेत. यवतमाळच्या ऑफिसात मी स्वतः गेलो, तर म्हणे हेड ऑफिस नागपूरला, फाइल तिकडे गेली. नागपूरचा माणूस फोनवर बोलला की वर्षाच्या आत काम सोडायचं असेल तर डिपॉझिट भरा, मग कागदं मिळतील. असं डिपॉझिट कोणत्या कागदावर लिहिलं आहे विचारलं, तर फोन ठेवला. कंपनीच्या गेटवर पुतण्याला उत्तर मिळालं, तू आमच्या रोलवर नाहीस, तुझ्या ठेकेदाराला विचार. रात्री त्याचा फोन आला, ‘काका, थे कागदंच देत नाही म्हणते. आता मी तिथं काय दाखवू?’ पडताळणीची तारीख निघून गेली आणि यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जागा मिळाली. त्या पोराबद्दल माझी तक्रार नाही, तोही कोण्या शेतकऱ्याचाच असेल.

दुय्यम गुणपत्रिका अमरावतीच्या विभागीय मंडळाकडून मिळते, हे मला माहीत आहे. भेटेल तो मला तेच सांगतो. पोलीस ठाण्यातही म्हणाले, हरवल्याची नोंद करून देतो. पण कागदं हरवलेलीच नाहीत! ती कोणाच्या कपाटात आहेत ते आम्हाला माहीत आहे. आम्ही खोटं काहून लिहून द्यायचं? ज्याने अडवून ठेवली त्याच्याकडून ती परत घेऊन द्यायचं काम कोणाचं, एवढंच मी सगळीकडे विचारत होतो. कामगार खात्याच्या एका कार्यालयात उत्तर मिळालं की काम जिथे चालतं त्या जिल्ह्यात तक्रार करा. म्हणजे पुण्याला. सोयाबीन काढायच्या दिवसांत पुण्याला कोण जाणार?

एजन्सी पैसे कशातून कमावते, हेही लेखकाने सांगायला हवं होतं. कंपनी एजन्सीला हजेरीप्रमाणे बिल देते. त्या बिलात पोराचा पगार असतो, मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय असतो, एजन्सीचा सर्व्हिस चार्ज असतो आणि वर 18 टक्के जीएसटी लागतो. पोरगं कामावर हजर राहिलं की एजन्सीला तिचे पैसे मिळतातच. मग फाइल चार्ज कशाचा? पोराकडे पैसे मागणाऱ्या एजन्सीच्या पायरीवरूनच परत फिरायचं, हे एक वाक्य त्या लेखात असतं तर तो उपयोगी पडला असता. दुसरं वाक्य कायद्याचं. ठेकेदाराने, म्हणजे इथे एजन्सीने, मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या 21 व्या कलमात होतं. नव्या कामगार संहितेतही ही जबाबदारी कायम आहे. ‘आमच्या रोलवर नाहीस’ एवढं बोलून कंपनीला मजुरीतून हात झटकता येत नाहीत. पण गेटवर उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या पोराला हे सांगणार कोण?

सरकारकडून तरी काय अपेक्षा ठेवायची? 6 सप्टेंबर 2023 ला सरकारनेच नऊ एजन्सींमार्फत माणसं घ्यायचा जीआर काढला होता. राज्यभर ओरड झाली तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. मी पाहिलेल्या रोजगार मेळाव्यातही कंपन्यांपेक्षा एजन्सींचेच टेबल जास्त होते. आमच्या वेळी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून कार्ड मिळायचं. कॉल येईलच याची खात्री नव्हती, पण माझे कागद पाहून तिथल्या तिथे परत दिले होते.

आता तुमच्याबद्दल. ज्या अंकात हा लेख आहे त्याच अंकाच्या छोट्या जाहिराती पाहा. ‘दहावी पास-नापास, त्वरित भरती, राहणे-जेवण मोफत’ आणि खाली फक्त मोबाइल नंबर. नाव नाही, पत्ता नाही. पुतण्याला त्या एजन्सीचा नंबर तुमच्याच पेपरात मिळाला होता. जाहिरातीची खात्री वाचकांनी करून घ्यावी, अशी बारीक ओळ तुम्ही तळाला छापता. खेड्यातला वाचक ती खात्री कशी करणार? एजन्सीचं पूर्ण नाव, ऑफिसचा पत्ता आणि जीएसटी क्रमांक दिल्याशिवाय नोकरीची जाहिरात घेऊ नका. जाहिरातीचे पैसे थोडे कमी येतील, येऊ द्या.

पत्र छापलंत तर माझं नाव-गाव देऊ नका. पोराचा शेवटचा पगार आणि कागदं दोन्ही अजून त्यांच्याच ताब्यात आहेत. कामगारांचे दावे चालवणारे कोणी वकील किंवा युनियनचे कार्यकर्ते हे वाचत असतील, तर माझा नंबर मी तुमच्या दारव्ह्याच्या वार्ताहराकडे देऊन ठेवला आहे.

आपला,
एक जुना वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ