तारीख ॲडमिशनची धरा, अर्जाची नको : पीयूष गोयल साहेबांना खुलं पत्र

मा. पीयूष गोयल साहेब,
केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री, आणि आमचे उत्तर मुंबईचे खासदार

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी दहिसर पूर्वची, म्हणजे तुमच्याच मतदारसंघातली. सप्टेंबर २०२४ ला एमएससी करायला बर्मिंगहॅमला आले आणि आता इथेच ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे शिक्षण संपल्यावर इथे राहून काम करायला मिळतो त्या व्हिसावर, नोकरी शोधतेय. आपल्याकडे सगळे त्याला अजून पीएसडब्ल्यूच म्हणतात, जुना पोस्ट स्टडी वर्क व्हिसा २०१२ मध्ये बंद झाला, नवा १ जुलै २०२१ ला सुरू झाला, नाव बदललं पण तोंडात जुनंच बसलंय.

व्हिसा हा विषय परराष्ट्र खात्याचा, तुमच्या खात्याचा नाही हे माहितीये मला. तरी तुम्हालाच लिहितेय, कारण २४ जुलै २०२५ ला ब्रिटनबरोबरच्या व्यापार करारावर भारताकडून सही तुम्ही केलीत, या लोकांसमोर बसून एकेका मुद्द्यावर महिनोन्महिने घासाघीस कशी करायची हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार. आणि दुसरं म्हणजे आमच्या घरातली तीन मतं तुमच्याच मतदारसंघात आहेत, तेव्हा गाऱ्हाणं घेऊन पहिल्यांदा तुमच्याच दारात यायचं ना.

मागणी आधीच सांगून टाकते. १ जानेवारी २०२७ पासून जो कोणी हा व्हिसा मागेल त्याला दोन वर्षांऐवजी दीड वर्षंच मिळणार आहे. पीएचडीवाल्यांची तीन वर्षं तशीच राहतील, कापलं जाणार ते बॅचलर्स आणि मास्टर्सवाल्यांचं. आता आपल्या देशात बाहेरच्यांनी किती दिवस राहायचं हे ठरवायचा हक्क ब्रिटनचा आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण हे लागू करताना मूल कधी ॲडमिशन घेऊन आलं ते न बघता अर्ज कुठल्या तारखेला टाकला तेवढंच बघणारेत. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की तारीख ॲडमिशनची धरा. दोन वर्षं मिळतील असं सांगितलं म्हणून ज्यांनी फी भरली त्यांना दोन वर्षं द्या, आणि नव्यांना पाहिजे तर दीड.

वरवर बघता यात काय मोठं असं वाटेल, अर्ज डिसेंबरात टाकायचा, झालं. पण अर्ज कधी टाकायचा हे मुलाच्या हातात नसतंच साहेब. मी आत्ताच यातून गेलेय म्हणून नीट सांगते.

या व्हिसाला नोकरीची ऑफर लागत नाही, बँक बॅलन्स दाखवावा लागत नाही, इंग्रजीची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही, अर्ज तसा अर्ध्या तासाचा आहे. पण एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे तुमचा कोर्स यशस्वीपणे पूर्ण झाला असं युनिव्हर्सिटीनं होम ऑफिसला, म्हणजे इथल्या गृहखात्याला, कळवलेलं असलं पाहिजे. ते कळवल्याशिवाय अर्ज टाकता येत नाही, आणि स्टुडंट व्हिसा संपायच्या आत अर्ज गेला नाही तर खेळ खल्लास, कारण हा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच करावा लागतो, घरी जाऊन तिथून करता येत नाही.

माझं डिझर्टेशन, म्हणजे शेवटचा प्रबंध, मी सप्टेंबर २०२५ मध्ये सबमिट केलं. रिझल्ट डिसेंबरच्या सुरुवातीला लागणार होता. एका विषयाचे मार्क्स अडकले, मार्कांवर शेवटचा शिक्का मारणाऱ्या एक्झाम बोर्डाची मीटिंग पुढे गेली, मग ख्रिसमस आला आणि ऑफिसं दोन आठवडे बंद. माझा स्टुडंट व्हिसा २७ जानेवारीपर्यंत होता. रोज सकाळी उठले की पहिला मेलबॉक्स. विचारलं की उत्तर एकच, लवकरच कळवू. पाच जणांत एक बाथरूम असलेलं आमचं घर, त्यातले आम्ही तिघं त्याच कोर्सचे, त्यामुळे सकाळी किचनमध्ये कुणी गुड मॉर्निंग म्हणत नव्हतं, आला का मेल एवढंच विचारायचे.

मेल आला १६ जानेवारीला, शुक्रवारी दुपारी. त्याच रात्री अर्ज टाकला. माझ्या फोनमध्ये एनएफसी, म्हणजे कार्डाची चिप वाचायची सोय, नाही म्हणून रूममेटचा फोन घेतला, त्याच्या पाठीला माझं जुनं रेसिडन्स परमिटचं कार्ड चिकटवून धरायचं, जरा हललं की पुन्हा पहिल्यापासून, हात थरथरत होते त्यामुळे चार वेळा करावं लागलं. मग पैसे. अर्जाची फी ८८० पौंड, आणि इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा हेल्थ सरचार्ज वर्षाला १,०३५ म्हणजे दोन वर्षांचे २,०७०, मिळून २,९५० पौंड, सगळे एकाच वेळी. रुपयांत साडेतीन लाखांच्या वर जातात. बाबा बेस्टमधून रिटायर झालेत, त्यांनी एफडी मोडून पाठवलेले ते पैसे.

अर्ज टाकला की निकाल येईपर्यंत ब्रिटन सोडायचं नाही, सोडलं तर अर्ज मागे घेतला असं धरतात. २ फेब्रुवारीला माझी आजी गेली. माझा जुना व्हिसा संपलेला, नवा हातात आलेला नाही, निघाले असते तर परत यायची वाट बंद झाली असती. फोनवर बघितलं सगळं, मामेभावानं फोन धरला होता आणि तो स्वतःच रडत होता त्यामुळे अर्धा वेळ मला नुसतं वरचं छतच दिसत होतं. या नियमाबद्दल मी तुमच्याकडे काही मागत नाही. फक्त या अर्जापायी घरच्यांनी आणि मुलांनी काय काय बाजूला ठेवलेलं असतं ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

आता हेच सगळं एका वर्षानंतर झालं असतं तर? माझी काहीच चूक नाही, डिझर्टेशन वेळेवर दिलेलं, पास झालेली, पण मेल १६ जानेवारीला आला म्हणून सहा महिने गेले असते. आणि शेजारच्या युनिव्हर्सिटीतली मुलगी, जी माझ्याच दिवशी मुंबईहून निघाली आणि माझ्याइतकीच फी भरली, तिचा बोर्ड नोव्हेंबरात झाला म्हणून तिला पूर्ण दोन वर्षं. हे कुठल्या हिशोबात बसतं?

आणि ही काही नुसती कल्पना नाही. माझी मावसबहीण सप्टेंबर २०२५ मध्ये इथे आलीये. मावशी चारकोपला राहते, ते पण तुमच्याच मतदारसंघात. बहिणीचं आत्ता दुसरं सेमिस्टर चालू आहे, डिझर्टेशन सप्टेंबरात जाईल, रिझल्ट नोव्हेंबर-डिसेंबरात, जर सगळं सरळ झालं तर. रात्री अकरा-साडेअकराला तिचा मेसेज येतो, ताई तुमच्या वेळी बोर्ड कधी झाला होता, ताई एक्सटेन्शन घेतलं तर रिझल्ट पण पुढे जातो का. मध्ये तिला आठवडाभर ताप होता, असाइनमेंटला मुदत वाढवून मिळत होती तरी घेतली नाही, अंगात ताप घेऊन सबमिट केली. अभ्यास करायला आलेली पोरगी कॅलेंडर बघत बसलीये.

तिच्यासारख्यांना निदान थोडी तरी आशा आहे. जी मुलं २०२४ मध्ये बारावी करून तीन वर्षांच्या बॅचलर्सला आली त्यांचं काय? ती पास होणार २०२७ च्या उन्हाळ्यात, म्हणजे दीडच वर्ष, काही केलं तरी. ती आली तेव्हा सगळीकडे दोन वर्षं लिहिलेलं होतं, या बदलाचा कुठे मागमूस नव्हता. ब्रिटिश सरकारची इमिग्रेशनवरची श्वेतपत्रिका आली १२ मे २०२५ ला, आणि नक्की तारीख कळली १४ ऑक्टोबर २०२५ ला. सप्टेंबरची मुलं तोपर्यंत इथे येऊन लेक्चरला बसायला लागली होती. श्वेतपत्रिकेत अठरा महिन्यांचा उल्लेख होता ना असं कुणी म्हणेल, होता, मान्य. पण तो कधीपासून आणि कुणाला हे त्यात कुठे होतं, आणि मे महिन्यापर्यंत कित्येकांचं डिपॉझिट भरून झालेलं असतं, बँकेत कर्जाची फाइल गेलेली असते.

सहा महिन्यांनी एवढं काय बिघडतं असं मला गावाकडे काकांनी पण विचारलं. सांगते. इथल्या मोठ्या कंपन्यांची फ्रेशर्सची भरती शरद ऋतूत सुरू होते आणि जॉइनिंग पुढच्या सप्टेंबरला. डिसेंबरात व्हिसा मिळालेल्या मुलाला नोकरी लागली तरी तो कामाला लागेपर्यंत नऊ महिने गेलेले असतात. दोन वर्षं असतील तर उरले पंधरा, दीड असेल तर उरले नऊ. त्यातून बऱ्याच कंपन्यांच्या ग्रॅज्युएट स्कीम दोन वर्षांच्या असतात. प्रत्येक फॉर्मवर प्रश्न असतो, आत्ता किंवा पुढे तुम्हाला स्पॉन्सरशिप लागेल का. हो म्हटलं की निम्म्या ठिकाणी तिथेच संपतं. ज्यांचं पुढे जातं त्यांना कंपनीला स्वतःचं काम दाखवायला वेळ लागतो, कारण स्किल्ड वर्करवर, म्हणजे कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर, जायचं तर जुलै २०२५ पासून वर्षाचा पगार ४१,७०० पौंड लागतो, नव्या पदवीधरांसाठी सवलतीचा आकडा ३३,४०० आहे, आणि शिवाय बाहेरचा माणूस घेतल्याबद्दल कंपनीला सरकारकडे भरायचा दर वर्षाचा स्किल्स चार्ज वेगळा, तो पण डिसेंबर २०२५ मध्ये ३२ टक्क्यांनी वाढवला. नऊ महिन्यांत कुठला मॅनेजर एवढा खर्च मंजूर करून घेईल?

आणि मागे कर्ज असतं. ३० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ४० हजारांच्या वर बसतो. आमचा दहिसरचा फ्लॅट बँकेकडे गहाण आहे. दोन वर्षांचा हिशोब मांडून आई-बाबांनी सही केली होती, वहीत पेन्सिलनं आकडे लिहून, कुठल्या महिन्यापासून मी किती पाठवीन ते. अशा वह्या घराघरांत आहेत. २०२३ मध्ये हा व्हिसा १ लाख १४ हजार मुख्य अर्जदारांना मिळाला आणि त्यातले ४० टक्क्यांहून जास्त आपले भारतीय होते, हे ब्रिटनच्याच मायग्रेशन ॲडव्हायझरी कमिटीच्या, म्हणजे सरकारला सल्ला देणाऱ्या समितीच्या, मे २०२४ च्या अहवालातलं आहे. त्याच कमिटीनं सांगितलं होतं की या व्हिसाचा मोठ्या प्रमाणावर गैरवापर होताना दिसत नाही, तो चालू ठेवा.

त्याच अहवालात एजंट लोकांवर पण बोट ठेवलंय, मुलांना चुकीचं सांगून विकणाऱ्यांवर. हे तर आपल्या घरातलंच दुखणं. नोकरीसाठी माणसं परदेशी पाठवायची तर आपल्याकडे १९८३ च्या कायद्यानं नोंदणी लागते, शिक्षणासाठी पाठवणाऱ्याला त्या कायद्याचं बंधन नाही. हॉटेलात हॉल घेऊन दोन वर्षं गॅरंटी म्हणणारे बॅनर मी स्वतः बघितलेत. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, इथे तेवढंच.

साहेब, ब्रिटनशी बोलताना तुमच्या हातात त्यांच्याच कोर्टाचा दाखला आहे. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्रॅमचे, म्हणजे उच्चशिक्षित कुशल लोकांसाठीच्या व्हिसाचे, नियम बदलले आणि जे आधीच त्या व्हिसावर आलेले होते, घरदार सोडून, त्यांना पण नवे नियम लावले. त्यात आपले लोक भरपूर होते. ते कोर्टात गेले आणि एप्रिल २००८ मध्ये लंडनच्या हायकोर्टानं सांगितलं की जे आधीच आले त्यांना जुन्याच नियमांनी वागवा, मधूनच अटी बदलणं अन्यायाचं आहे. ती केस आणि आमची गोष्ट कायद्याच्या दृष्टीनं तंतोतंत सारखी नाही हे मला कळतं, पण शब्द देऊन बोलावलं तर शब्द पाळा हे म्हणणं तेच आहे ना.

आणि बोलायला जागा पण आहे. तुमच्या कराराबरोबर जो सोशल सिक्युरिटीचा करार झाला त्यात कंपन्यांनी तात्पुरते पाठवलेल्या लोकांचा दोन्हीकडे पैसे भरायचा त्रास वाचवायचं ठरलं, चांगलंच झालं ते. ती माणसं कंपनीची, त्यांच्यासाठी बोलायला कंपन्या होत्या, संघटना होत्या. आमच्यासाठी बोलायला कोण होतं? आम्ही सरचार्ज आधी एकरकमी भरतो आणि नोकरी लागली की पगारातून टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स पण भरतो. ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईला आले, युनिव्हर्सिटीचे लोक बरोबर घेऊन आले, ८ आणि ९ तारखेला आपल्या शहरात होते. व्हिसाचा विषय नाही हे त्यांनी येतानाच सांगून टाकलं होतं. ते परत गेले आणि आठवड्याच्या आत, १४ तारखेला, हा नियम तिथल्या संसदेपुढे आला. मी ती बातमी बसमध्ये वाचली आणि पहिला फोन बहिणीला केला.

मला नवीन व्हिसा नको, माफी नको, कोटा वाढवून नको. १ जानेवारी २०२७ च्या आधी ब्रिटिश सरकारशी पुढच्या कुठल्याही बैठकीत बसाल तेव्हा हा एक मुद्दा कागदावर घ्या, की नियम लागू व्हायच्या आधी ज्यांचा कोर्स सुरू झाला त्यांना दोन वर्षं. आणि ते पूर्ण होत नसेल तर निदान एवढं, की ज्यांचा कोर्स डिसेंबर २०२६ च्या आत संपलाय पण युनिव्हर्सिटीनं कळवायला उशीर केला, त्यांचा उशीर त्यांच्यावर लादू नका.

येत्या शनिवारी मावशी तुमच्या कार्यालयात येईल. तिला असं कुठे जाऊन बोलायची सवय नाही, म्हणून या पत्राची छापील प्रत तिच्याकडे दिलीये, आणि बरोबर बहिणीचं ऑफर लेटर आणि डिपॉझिटची पावती आहे. तेवढी पावतीवरची तारीख बघा साहेब. १८ मार्च २०२५ आहे.

आपली,
दहिसरची एक मतदार, सध्या मुक्काम बर्मिंगहॅम