नावड केसपेपरवर उतरते

महोदय,

समुपदेशक निवडताना पदवी आणि नोंदणी तपासून घ्या, हा आपल्या पुरवणीतला सल्ला रास्तच आहे. पण रुग्ण आवडला किंवा नकोसा झाला, तर उपचार करणाऱ्याचे निर्णय बदलतात का, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. मनोविकार वॉर्डात नोकरी केलेली परिचारिका म्हणून सांगते, बदलतात.

हातावर ब्लेड मारून घेतलेली मुलगी पुन्हा आली की ड्रेसिंग करतानाच कुणीतरी पुटपुटायचं, 'आलं परत नाटक.' केसपेपरवर त्याचं 'अटेंशन सीकिंग', म्हणजे लक्ष वेधून घेण्यासाठी केलेलं, असं व्हायचं. पुढच्या ओपीडीतले डॉक्टर मुलीकडे बघण्याआधी ते वाचत. मग तपासणी झटपट उरकायची आणि तारीख महिन्यानंतरची. यातलं कुणी दुष्ट नव्हतं. कामाने पिचलेले होते, आणि बरा न होणारा रुग्ण डोळ्यांत खुपतोच.

ब्रिटनमध्ये लुईस आणि ॲपलबी यांनी १९८८ साली मनोविकारतज्ज्ञांना रुग्णांची कागदावरची वर्णनं वाचायला दिली. आधी 'व्यक्तिमत्त्व विकारा'चं निदान झालंय एवढं लिहिलेलं असलं, तरी तो रुग्ण त्यांना अधिक त्रासदायक आणि उपचार-काळजीला कमी पात्र वाटला. रुग्ण समोर नसताना ही गत!

मायेचंही तसंच. शिकलेली, गोड बोलणारी, कुणाच्या तरी ओळखीने आलेली बाई असली की 'हिच्यावर कशाला शिक्का' म्हणून भरती टाळली जाते. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारायला जीभ रेटत नाही. मला तर ही माया रागापेक्षा धोक्याची वाटते; तिची तक्रार कोण करणार?

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने १९१० मध्ये उपचार करणाऱ्याला रुग्णाबद्दलच्या स्वतःच्या या भावना ओळखून त्यांवर मात करायला सांगितलं. मनोविश्लेषक पॉला हायमन यांनी १९५० मध्ये त्याच भावना रुग्णाला समजून घेण्याचं साधन मानल्या. काहीही माना, त्या आधी कुणापुढे तरी बोलाव्या लागतात. शिकताना सुपरव्हिजन असते, म्हणजे आपल्या केसेस अनुभवी माणसापुढे नियमित मांडणं. स्वतःचं क्लिनिक थाटल्यावर किती जण ती चालू ठेवतात? सरकारी वॉर्डांत तर आठवड्यातला एक तास त्यासाठी ड्यूटीतच धरायला हवा, परिचारिकांसकट.

रुग्णांनीही 'तुम्ही तुमच्या केसेस कुणाशी बोलता का?' असं बेधडक विचारावं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ने आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. कागद मागून घ्या आणि आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा