आईच्या दुखण्याबद्दल अमोलला पत्र

भिलवडी

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. घरात कुठंही उभं राहून बोललं तरी तुझ्या आईला स्वयंपाकघरात ऐकू जातं, आणि मळ्यात गेलं तर रेंज नाही. म्हणून लिहितोय. वाचून झालं की सुप्रियालाही दे. आर्वीच्या हाती लागू देऊ नका, ती लगेच आजीला फोन लावून विचारील.

गौरी-गणपती झाल्यावर तुम्ही निघालात, तेव्हा बॅगा गाडीत टाकता टाकता तू आईला बोललास की सगळं सुप्रियाच्या गळ्यात टाकलंस, गौरीला हातसुद्धा लावला नाहीस. मी तेव्हा गप्प बसलो. आत्ताही रागानं लिहीत नाही. बायकोची बाजू घेऊन आईशी बोलायला छाती लागते, आमच्या वेळी ती कुणात नव्हती. पण आईनं हात का लावला नाही ते आता ऐक. तिला अडचण आली होती.

या वयात कसली अडचण, असंच म्हणशील. मीही तेच म्हणालो. 58 पूर्ण झाली तिला. ताईचं लग्न ठरायच्या आधीच पाळी बंद झालेली. आवाहनाच्या दिवशी पहाटे ती मोरीत चादर धूत होती. विचारलं तर म्हणाली, कुंकवाची डबी सांडली. गौरीचे दिवस, घरभर हळदकुंकू, मला खरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक झाला आणि ही आपली न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून सुप्रियाला लांबून सांगतेय, आता ओटी भर, आता नैवेद्य दाखव. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तुम्ही गेल्यावर भांडी लावताना चक्कर आली तेव्हा बोलली. तेही अर्धंच. अंगावरून जातंय म्हणाली. कधीपासून, ते सांगेना.

गावातल्या डॉक्टरांनी उष्णता म्हणून गोळ्या दिल्या. रक्त थांबलं. झालं, हिचा विषय संपला. "थांबलं नव्हं? मग आता कशाला मिरजेला? मला काय धाड भरलीय?" गल्लीतल्या आशाताई लसीकरणाचं सांगायला आल्या होत्या, त्यांच्या कानावर मीच घातलं. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्या बाईनं आईसमोर बसून स्पष्ट सांगितलं. सलग एक वर्ष पाळी आली नाही म्हणजे ती गेली. त्यानंतर एक डाग जरी दिसला, लाल असो, गुलाबी असो, तपकिरी असो, तरी तो दाखवायचा. गोळीनं रक्त थांबतं, कारण थांबत नाही. आई ऐकून घेऊन चहा टाकायला गेली. दुसऱ्या दिवशी मात्र इरकली नेसून तयार झाली.

मिरजेच्या डॉक्टरबाई चांगल्या आहेत. वयानं ताईएवढ्याच असतील. त्यांनी आधी मला बाहेर बसायला सांगितलं. मी फाइल मांडीवर घेऊन बाकड्यावर बसलो. आतमध्ये आईनं त्यांना कधीपासून ते सांगितलं असणार, कारण बाहेर आल्यावर बाईंनी मला ते विचारलंच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "ते आमचं झालंय बोलून, काका." बरोबरच आहे त्यांचं. पण मला रात्रभर झोप लागली नाही.

तपासलं, गर्भपिशवीच्या तोंडाचा नमुना घेतला, आतून सोनोग्राफी केली. पाळी गेलेल्या बाईच्या पिशवीचं अस्तर पातळ असावं लागतं. रक्त गेलेलं असताना ते 4 मिलिमीटरपर्यंत असेल तर काळजीचं सहसा नसतं. आईचं 9 निघालं. मग ओपीडीतच बारीक नळी घालून तुकडा घ्यायचा प्रयत्न केला, पण तोंड अगदी आकसलेलं, आईला सोसेना. म्हणून आता येत्या गुरुवारी भूल देऊन, दुर्बिणीनं आत बघून तुकडा काढायचाय. तो तपासायला जाणार. रिपोर्टला आठवडाभर लागेल.

कशानं होतं हे मी सगळं विचारून घेतलं. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात जन्म गेला, वहीत लिहून घेतल्याशिवाय मला समजत नाही. वय झालं की आतली कातडी सुकते, त्यातून रक्त येतं, हे सगळ्यात जास्त. पॉलिप म्हणजे आत कोंब आल्यासारखा होतो, त्यातून येतं. अस्तर नुसतंच जाड होतं, त्याला औषध असतं. काहींना गोळ्यांमुळे होतं. रक्त पातळ करायची गोळी घेता का, छातीच्या गाठीनंतर देतात ती गोळी कधी घेतली का, असं त्यांनी विचारलं. आणि एक ते. मी तो शब्द लिहिणार नव्हतो. कॅन्सर. बाई म्हणाल्या, पाळी गेल्यावर रक्त गेलं म्हणून आलेल्या दहा जणींत साधारण एकीला तो निघतो, नऊ जणींना दुसरंच काहीतरी असतं. आणि निघाला तरी या जागेचा बहुतेक वेळा पिशवीच्या बाहेर जायच्या आत सापडतो, कारण रक्त दिसतं आणि बाई दाखवायला येते.

बाई दाखवायला येते. वेळेवर आली तर. म्हणून मी कधीपासून, कधीपासून करतोय. तुला कंटाळा येईल वाचून.

शुगर आणि वजन या दोन्हींनी या दुखण्याचा धोका वाढतो, ब्लडप्रेशरवाल्यांतही जास्त दिसतं. आईला तिन्ही आहेत. घरात कुणाला पिशवीचा, छातीचा, आतड्याचा काही होता का, असं विचारलं तेव्हा आई पटकन "न्हाई" म्हणाली. मी कुंडलच्या मावशीचं सांगितलं. आई माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी मावशीची चोरी पकडून दिली. असल्या गोष्टी डॉक्टरांपासून लपवायच्या नसतात, अमोल. तू गुरुवारी बरोबर असशील तर हेच काम तुझं. ती "काही नाही" म्हणेल तिथं तू सांगायचं. गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्यायची, तोंडी नावं सांगत बसायचं नाही. डॉक्टरांना विचारायचं की

बघ, लागलो मी ओव्हरसिअरसारखा हुकूम सोडायला. राहू दे. तुला कळतं.

विट्याच्या वहिनींचा फोन आला होता. "पिशवीच काढून टाका म्हणावं, कटकट जाईल." आईलाही ते पटलं, म्हणजे एकदाच काय ते होऊन जाईल. माझं डोकंच फिरलं. बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आपल्याकडं यायच्या, त्यांच्यातल्या पंचविशी-तिशीतल्या कितीतरी पोरींच्या पिशव्या काढलेल्या असायच्या. कंबर धरून मोळी उचलायच्या. 2019 साली पेपरात ते सगळं आलं, सरकारनं समिती नेमली, तोवर आम्ही ते रोज फडात बघत होतो आणि आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. आईला मी माझ्या भाषेत सांगितलं. उसाला तोड द्यायच्या आधी आम्ही कांड्याचा रस काढून ब्रिक्स, म्हणजे रसाची गोडी, बघायचो, शेतकरी कितीही मागं लागला तरी. तसं आधी तुकडा बघायचा, मग काढायची का ठेवायची ते डॉक्टर ठरवतील. त्यावर म्हणाली, "मी काय ऊस हाय व्हय?" हसली मात्र. बऱ्याच दिवसांनी.

मला तुझ्या जन्माची रात्र आठवते सारखी. मिशन हॉस्पिटलला होती ती. तू झालास, रडलास, सगळे पेढ्याचं बोलायला लागले आणि आतून नर्स पळत आली, रक्त थांबत नाही, बाटल्या लागतील. माझा गट जुळेना. कारखान्यावर निरोप गेला आणि रात्रपाळीची पोरं जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मिरजेला आली. त्यातला एकजण नुसता भीतीनंच बेशुद्ध पडला, त्यालाच सलाइन लावायची वेळ आली. पहाटे आईला शुद्ध आली तर पहिलं काय विचारावं? त्या पोरांनी चहा घेतला का. तेव्हापासून मला रक्त म्हटलं की पोटात गोळा येतो. आणि ही बाई कुणाला न सांगता चादरी धूत बसते.

2019 च्या पुरात तेच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आजी, म्हशीचं रेडकू, शेजारची सगळी पोरं बसवली आणि स्वतः सगळ्यात शेवटी चढली, अंगात ताप असताना. ताप होता हे कळलं चार दिवसांनी, शाळेच्या छावणीत. तू तेव्हा चाकणहून निघून कराडपर्यंत येऊन अडकलास, रस्ते बंद. पाणी उतरताच आलास आणि गाळ उपसताना आईला एका फाटक्या खुर्चीवर बसवून ठेवलंस, उठू दिलं नाहीस. ती अजून गल्लीत सांगते ते. मी तुला कधी म्हणालो नसेन, पण त्या दिवशी मला वाटलं, पोरगं झालं आपलं माणूस.

म्हणून सांगतो, "कशी आहेस" असं विचारू नकोस. त्याचं उत्तर "बरी हाय" एवढंच येतं, मरायला टेकली तरी. नेमकं विचार. आज डाग दिसला का. किती. ओटीपोटात दुखतं का. तुला अवघडेल. मलाही अवघडतं, बत्तीस वर्षं संसार करून. त्या दिवशी मेडिकलात पॅड मागताना मी आधी क्रोसिन मागितली. पण तू विचारलंस तर तिला कळेल की हे बोलायची गोष्ट आहे, तोंड लपवायची नाही. सुप्रिया विचारील तर आणखी बरं, बाई बाईला सांगते. पण सगळं तिच्यावर ढकलू नकोस. आई तुझी आहे.

डॉक्टरबाईंनी तारखा लिहून ठेवायला सांगितल्यात. आम्ही कालनिर्णयवर ठेवतो, ज्या दिवशी दिसलं त्या दिवशी टिंब. परवा मी ते टिंब बघायला गेलो आणि सहज मागची पानं उलटली. दुधाचा खाडा आपण फुलीनं मांडतो, तुला माहीत आहे. आषाढातल्या काही तारखांना निळ्या पेनाचं बारीक टिंब आहे. ज्येष्ठातही एक. मी तिला विचारलं नाही. पेन टेकवला असेल. गॅसची टाकी आली असेल. चष्मा लावून बघितलं, नंतर भिंगानं बघितलं. तूच सांग, गॅसवाला महिन्यात इतक्यांदा येतो का?

हे तिच्यापुढं काढू नकोस. आता उगाळून उपयोगही नाही, आणि "आधी का नाही सांगितलंस" असं एकदा कुणी म्हणालं की ती पुढचंही सांगायची बंद होईल. नेटवर रात्री शोधत बसू नकोस, आणि बसलासच तर तिला काही पाठवू नकोस. ताईला मी अजून कळवलेलं नाही, तिचे दिवस भरत आलेत. तुकडा झाला की सांगू.

गुरुवारी सकाळी साडेसातला पोचायचंय. मध्यरात्रीनंतर पाणीसुद्धा नाही. शुगरची गोळी त्या सकाळी घ्यायची नाही असं भूलवाल्यांनी सांगितलंय, ब्लडप्रेशरची घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. तिला उलटंच लक्षात राहिलंय, म्हणून डबी मी माझ्याजवळ ठेवली आहे. संध्याकाळी घरी सोडतील. नंतर दोन-चार दिवस थोडे डाग दिसतील, ते चालतं. पण ताप आला, घाण वास आला किंवा रक्त जास्त गेलं तर थेट मिरज, गावात दाखवायचं नाही. रेशनकार्ड आणि आधार काढून ठेवलंय. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तू काउंटरला विचार, ते लोक मला मोबाइलमध्ये काहीतरी दाखवतात आणि मला ते दिसत नाही.

तुला सुट्टी मिळत नसेल तर तसं सांग, मी नेईन तिला, नेतोच आहे. शिफ्टचं तुझं मला माहीत आहे, नवीन साहेबाचंही तू बोलला होतास. पण मिळाली तर ये. भुलीच्या कागदावर सही करायची असते. मी करीन. पण त्यांनी माझ्यासमोर तो कागद वाचला की माझा हात चालत नाही.

माफीबिफी मागत बसू नकोस तिची. ती मनात धरणारी नाही. त्या दिवशी तुम्ही गेल्यावरही एवढंच म्हणाली की पोरगं उपाशी गेलं, भाजी नीट खाल्ली नाही.

बुधवारी रात्री आलास तर सांगलीच्या स्टँडवरून शेवटची गाडी चुकेल. मी नानाच्या पोराला मोटरसायकल घेऊन पाठवतो, किती वाजता ते कळव. सुप्रिया येणार असेल तर गाडी सांगतो. आर्वीची शाळा बुडवू नका.

तुझे,
आण्णा

ता. क. गोळ्यांची डबी आता माझ्या कपाटातूनही गायब आहे. येण्याआधी फोन करून तिला तूच सांग, गुरुवारी सकाळी कुठली घ्यायची ते. माझं ऐकत नाही.